पांढऱ्या डिंकाचे रसायन

तंजावरच्या उत्तरेस कावेरीकाठी तिरुवैयारु हे गाव आहे. तेथे संत त्यागराजांची समाधी आहे. याच परिसरात भोसले राजांच्या आश्रयाने तंजावरची चित्रकला बहरली. फळीवर कापड चिकटवावयाचे, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप देऊन खडे व सोन्याचा वर्ख बसवावयाचा, अशी ही कला. तिची सारी मदार चिकटवणाऱ्या पदार्थावर. पूर्वी चिंचोक्यांची खळ किंवा झाडाचा डिंक वापरीत. आता अनेक चित्रकार पांढरा कृत्रिम डिंक वापरतात. १९५९ साली आलेल्या फेविकॉलने तो आपल्या घरोघरी पोहोचविला.

हा डिंक दुधासारखा दिसतो, कारण दुधाप्रमाणे तोही पायस आहे. व्हिनिल ॲसिटेट हा द्रव पाण्यात घुसळून त्याचे सुटे रेणू लांब साखळ्यांत गुंफले जातात. सुटा रेणू तो एकवारिक, साखळी ती बहुवारिक. नुसत्या व्हिनिल ॲसिटेटचा थर काहीसा ताठर होतो. म्हणून रंगांसाठी पायस करताना त्यात पुष्कळदा ब्यूटिल ॲक्रिलेट मिसळतात. मात्र या दोघांची चाल सारखी नाही. ॲक्रिलेट आधी साखळीत शिरते, व्हिनिल ॲसिटेट मागे रेंगाळते. यास्तव मिश्रण एकदम न ओतता थोडेथोडे सोडतात.

खरे कौतुक आहे ते चिमूटभर घातलेल्या पूरक द्रव्यांचे. साबणासारखे द्रव्य वाढविले, की कण संख्येने वाढतात व आकाराने बारीक होतात. परसल्फेट उष्णतेने फुटून साखळीचा आरंभ करते. पण त्यामुळे पाणी आम्ल होते, आणि आम्लात व्हिनिल ॲसिटेटचे विघटन होते. त्यावर खाण्याच्या सोड्याचा उतारा असतो. मरकॅप्टनचा थेंब साखळ्या आखूड करतो. पॉलिव्हिनिल अल्कोहोल कणांना एकमेकांस चिकटू देत नाही व डिंकास दाटपणा आणते.

परंतु प्रत्येक गुणाचे मोल द्यावे लागते. साबण व पॉलिव्हिनिल अल्कोहोल ही दोन्ही सुकलेल्या थरात मागे राहतात, आणि दोन्ही पाण्याची ओढ असणारी. कावेरीच्या दमट हवेत असा थर ओल शोषून मऊ पडू शकतो, आणि त्यासरशी वर्खाखालचा लेपही सैल होतो. तेव्हा डिंक किती घट्ट चिकटतो एवढेच पाहून भागत नाही. तो ओल किती सोसतो, हेही विचारले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून काढलेल्या चित्राचे आयुष्य अखेर या चिमूटभर द्रव्यांच्या हाती असते.