‘छोट्या हत्ती’चा साज

चेन्नईच्या मैलापूर भागातील काही गल्ल्या पूर्वेकडे सरकत सरकत थेट समुद्राला भिडतात. अशाच एका गल्लीत आमचे एक दूरचे आप्त राहतात. घराणे तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या काळी दक्षिणेत गेलेल्या कुळांपैकी ते एक असून घरात आजही जुन्या वळणाचे मराठी बोलले जाते. मात्र दारातून पाऊल बाहेर पडले की तमिळ सुरू होते. त्यांचा व्यवसाय पिण्याच्या पाण्याचा. वीस लिटरच्या बाटल्या पहाटेपासून घरोघर पोचवाव्या लागतात आणि त्या कामी एक लहानसा पिकअप ट्रक आहे. अशा गाडीला महाराष्ट्रात आपण ‘छोटा हत्ती’ म्हणतो. तमिळनाडूतही लोक तिला ‘कुट्टी यानै’ म्हणजे हत्तीचे पिल्लूच म्हणतात, हे ऐकून आम्हांस मोठी मौज वाटली.

गेल्या पोंगलच्या सुमारास त्यांच्याकडे जाण्याचा योग आला, तेव्हा या हत्तीचे रंगकाम घरीच चालले होते. प्रथम पाहता ही एक हौस वाटली. पण त्यामागची हकीकत कळली तेव्हा तीत हौसेपेक्षा काळजीच अधिक असल्याचे ध्यानात आले.

गाडीचा पत्रा कारखान्यात रंगवलेला असतो, त्यावर भट्टीत भाजलेला थर असतो; तो सहसा दीर्घकाळ टिकतो. आधी म्हातारे होतात ते बाहेरचे काळे भाग : बंपर, आरशांची आवरणे, चाकांवरच्या कडा, दारांच्या मुठी. हे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. उन्हातील अतिनील किरण त्या प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडत राहतात, पृष्ठभाग भुरभुरीत होतो आणि काळा रंग राखेसारखा पांढुरका दिसू लागतो. चेन्नई तेरा अक्षांशावर वसलेले. तेथे ऊन बाराही महिने कडक. त्यात समुद्राचा खारा वारा. तो प्लॅस्टिकला फारसे काही करीत नाही, पण मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्यांत आणि हौद्याच्या कोपऱ्यांत शिरून लोखंड खातो. पाण्याच्या बाटल्या वाहणाऱ्या गाडीचा हौदा तर कायमच ओला. गाडीच्या योग्यता-प्रमाणपत्राचे नूतनीकरण जवळ आले होते आणि गंजलेली, विटलेली गाडी तपासणीस नेण्याचे यजमानांच्या मनात नव्हते.

म्हणून आदल्या आयुधपूजेपूर्वी घरातील थोरल्या मुलाने हे काम अंगावर घेतले होते. आयुधपूजा म्हणजे आपल्या खंडेनवमीचा दाक्षिणात्य अवतार. त्या दिवशी चेन्नईत रिक्षापासून बसपर्यंत प्रत्येक वाहनाला चंदन-कुंकू लागते, केळीचे खांब बांधले जातात, चाकांखाली लिंबे ठेवतात आणि रस्त्यावर कोहळे फोडतात. अशा दिवशी आपली गाडी झळकावी असे कोणाला वाटणार नाही? मुलगा जनरल पॅटर्स रोडवर गेला. गाड्यांच्या सुट्या भागांची व शोभेच्या वस्तूंची ही शहरातील जुनी पेठ. तेथून त्याने काळ्या रंगाचे डबे आणले आणि एका दुकानदाराच्या सल्ल्याने वर चकाकी आणणारे, दोन डब्यांतील द्रव एकत्र करून फवारायचे पारदर्शक रोगणही आणले.

पुढे घडले ते असे. हवा दमट होती. रंगातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेत बाष्प फार असेल तर ते त्यावर दवासारखे जमते. रंगावर दुधी सावट येते. ते झाकण्यासाठी मुलाने रोगण घेतले. तेवढ्यात पाऊस आला, म्हणून त्याने गाळ्याचे शटर ओढून घेतले आणि तोंडाला रुमाल बांधून फवारणी पुरी केली. रात्री त्याची छाती आवळून आली. श्वास घेता येईना. पहाटे त्याला रुग्णालयात न्यावे लागले.

या जातीच्या रोगणाच्या दुसऱ्या डब्यात, म्हणजे ज्याला कारागीर ‘हार्डनर’ म्हणतात त्यात, आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. १९८४ साली भोपाळमध्ये ज्या वायूने हाहाकार केला, तो याच रासायनिक कुळातला. द्रव्य निराळे आणि प्रमाणाची तर तुलनाच नाही, हे खरे; परंतु श्वसनमार्गाशी असलेले या कुळाचे वैर जगभरच्या गाडी-रंगाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यात दम्याचे हे एक ओळखीचे कारण. एकदा शरीराने या द्रव्याचा धसका घेतला की पुढे अत्यल्प मात्रेनेही झटका येऊ शकतो. शिवाय त्याला म्हणावा असा वास नाही. नाकाला सूचना मिळेपर्यंत उशीर झालेला असतो. रुमाल किंवा कापडी पट्टी येथे निरुपयोगी होय. मोठ्या कार्यशाळांतील रंगारी बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा घालतात, तो याचसाठी. घरी वापरण्याची ही वस्तूच नव्हे, आणि असा डबा ग्राहकाच्या हाती देताना दोन शब्द सांगायला कोणाचे काय गेले असते, असे आम्हांस राहून राहून वाटले.

मुलगा बरा झाला. पण डॉक्टरांनी त्याला फवारणीपासून कायमचे दूर राहण्यास बजावले. ज्याला या कामाची सर्वांत अधिक आवड, त्याच्याच हातून ते गेले. आणि रंग? तोही टिकला नाही. पूजेआधी जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतली, तेव्हा बंपरवरून त्याच्या चिंध्या निघाल्या.

असे का व्हावे? पॉलिप्रॉपिलीन हे मेणचट स्वभावाचे प्लॅस्टिक आहे. त्याला रंग धरून ठेवता येत नाही. त्यावर आधी खास प्लॅस्टिकसाठीचे अस्तर द्यावे लागते. ते पारदर्शक व पातळ असते, म्हणून नवखा माणूस त्याला अनावश्यक समजतो. दुसरा अपराधी म्हणजे बंपर चमकावण्यासाठी वर्षानुवर्षे चोळलेले सिलिकोनचे पॉलिश. त्याचा अंश राहिला तर रंग ठिकठिकाणी फाटून माशाच्या डोळ्यांसारखी छिद्रे पडतात.

पोंगलच्या वेळी काम हाती घेतले ते वहिनींनी. “यांना वेळ नाही, त्याला मनाई आहे, उरले कोण?” असे त्या हसून म्हणाल्या. सणाला पुष्कळशी गिऱ्हाइके गावी जातात, त्यामुळे चार दिवस गाडी थांबली तरी चालणार होते. एरव्ही एक दिवस पाणी पोचले नाही की गिऱ्हाईक दुसऱ्याचे होते.

भोगीच्या दिवशी मात्र फवारणी करायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते. त्या पहाटे चेन्नईत जुन्या वस्तू जाळतात; धूर आणि धुके मिळून समोरचे दिसत नाही आणि काजळी सर्वत्र बसते. म्हणून तो दिवस धुण्या-घासण्यात गेला. बंपर आणि आरशांची आवरणे सोडवून गच्चीवर नेली, भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. मग पॉलिश पेपर : आधी ४०० नंबरचा, मागून ६०० नंबरचा, आणि तोही पाणी लावून. कोरडे घासले की धूळ उडते. फाळक्यावरच्या जुन्या पिवळ्या रंगाच्या बाबतीत तर ही दक्षता फारच आवश्यक, कारण पूर्वीच्या पिवळ्या रंगांत शिशाचे क्रोमेट सर्रास असे. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे २०१६ चे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. पण ते गाड्यांच्या रंगांसाठी नाहीत. हे ओले घासणे तेवढे मुलाकडे सोपवले होते. तो ते मन लावून, काहीशा अबोलपणे करीत होता.

पोंगलचा दिवस दुधाच्या उतू जाण्यात आणि गोडाधोडात गेला. प्रत्यक्ष रंग लागला तो तिसऱ्या दिवशी, माट्टु पोंगलला. हा तिकडचा बैलपोळा. त्या दिवशी बैलांची शिंगे रंगवतात. शहरात बैल कोठून असणार? म्हणून हत्तीची शिंगे रंगवू, असे यजमान म्हणाले. सकाळी नऊच्या सुमारास दव वाळले होते आणि समुद्राचा वारा अजून सुरू झाला नव्हता. वहिनींनी उघड्या गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, मुखवटा व चष्मा लावून, एकाच डब्याचा साधा काळा रंग घेतला. शेजाऱ्यांना वाळत घातलेले कपडे काढायला आदल्या रात्रीच सांगितले होते. आधी अस्तर, मग वीतभर अंतरावरून रंगाचे चार पातळ हात, दोन हातांमध्ये दहा मिनिटांची विश्रांती. पहिल्या हाताला खालचे प्लॅस्टिक दिसतच राहते. तेथेच अधीर माणूस जाड थर देऊन ओघळ पाडतो. रोज पहाटे दारात कोलम काढणाऱ्या हाताला ती अधीरता नव्हती.

हौद्याचा गंज खरवडून त्यावर झिंक फॉस्फेटचे अस्तर आणि मूळच्याच पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मुलाला गाडी निळी हवी होती. परंतु रंग बदलला की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीपत्रात बदल करून घ्यावा लागतो, म्हणून ते राहिले. पुढे लोखंडी संरक्षक दांडा बसवण्याचा त्याचा बेतही वडिलांनी मोडला. पादचाऱ्यांना घातक म्हणून केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात त्याविरुद्ध कारवाईचे आदेश राज्यांना दिले होते. मागच्या लाल परावर्तक पट्ट्यांवर रंगाचा थेंब पडू नये म्हणून त्या वर्तमानपत्राने झाकल्या होत्या.

उरली एक जागा : मागचा फाळका. पूर्वी गाडीच्या कडेने बारीक रेघ ओढणारा कारागीर बग्ग्यांच्या कारखान्यांत मानाचा समजला जाई. मद्रासची सिम्सन कंपनी १८४० साली बग्ग्या बांधण्यासाठीच निघाली. रंग पुष्कळ दिवस वाळत ठेवण्याचा तो काळ. १९२० नंतरच्या दशकात ‘ड्युको’ आले आणि काम काही तासांवर आले. फवाऱ्याच्या रंगाला आपल्याकडे अजून तेच नाव आहे. पण रेघ अजून हातानेच बरी येते. ब्रशच्या रंगाला फवारा नाही, हे डॉक्टरांना फोन करून विचारून घेतल्यावर वहिनींनी बारीक ब्रश मुलाच्या हाती दिला. तोंडावर मुखवटा, उघडी गल्ली आणि अर्ध्या तासाची परवानगी.

त्याने फाळक्यावर लाल रेघेची एक साधी चौकट काढली. डाव्या कोपऱ्यात ती किंचित जाड झाली आहे. ती पुसून पुन्हा काढू का, असे त्याने विचारले. वहिनी नको म्हणाल्या. रंग पुरता कठीण व्हायला आठवडाभर लागतो, तोवर जोराच्या पाण्याने धुवायचे नाही, एवढेच त्यांनी बजावले. काणुम पोंगलला सारे मैलापूर समुद्रावर लोटले असताना बापलेकांनी बंपर आणि आरसे परत बसवले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गाडी बाटल्या भरून बाहेर पडली.