आमचा बूथ कुठं गेला?

१५ जानेवारी २०२६ला सकाळी महापालिकेच्या मतदानासाठी मावशीला घेऊन नेहमीच्या शाळेत गेलो. लोकसभा, विधानसभा, सगळी मतं तिनं तिथंच दिलेली. फाटकाबाहेर टेबल टाकून बसलेल्या पोरानं यादीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "मावशी, तुमचं नाव इथं नाही. नाल्यापलीकडच्या शाळेत बघा." रिक्षा करून पलीकडं गेलो. नाव सापडलं, पण खोली पहिल्या मजल्यावर. मावशीचे दोन्ही गुडघे गेलेले. शेवटी दोघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. येताना म्हणाली, "घर तेच, मी तीच, मग बूथ कुणी हलवला रे?"

प्रश्न साधा आहे, उत्तर तेवढं साधं नाही. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतचं मतदान राज्य निवडणूक आयोगाकडं. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनं ही दोन घरं वेगळी केली. पण राज्याच्या आयोगाकडं स्वतःची मतदारयादी नाही. तो एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे पाडतो. २०२६च्या महापालिकांसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती.

गोम या तुकड्यांत आहे. विधानसभेची यादी 'यादी भागां'त असते आणि हे भाग त्या निवडणुकीतल्या बूथच्या हिशेबानं पाडलेले असतात. प्रभाग मात्र जनगणनेच्या प्रगणक गटांवरून बेतले जातात. या वेळी तेही २०११च्या, कारण तोवर पुढची जनगणनाच झालेली नव्हती. प्रभागाची हद्द कुठं नाल्यानं जाते, कुठं रेल्वेरुळानं, कुठं एखाद्या गल्लीच्या मधोमध. मग एकाच यादी भागातली निम्मी घरं एका प्रभागात आणि निम्मी शेजारच्या प्रभागात पडतात. समोरासमोरच्या दारांतले शेजारी वेगवेगळ्या नगरसेवकांचे होतात आणि वेगवेगळ्या शाळांत रांग लावतात. मावशीचा बूथ कुणी मुद्दाम हलवला नव्हता. तिच्या गल्लीतून रेघ गेली होती, एवढंच.

दुसरं कारण यंत्राचं. या वेळी २९ महापालिकांचं मतदान एकाच दिवशी झालं. त्यांतल्या मुंबईतच एका प्रभागाला एक नगरसेवक आहे. बाकी ठिकाणी बहुसदस्यीय प्रभाग, बहुतेक चार-चार जणांचे. म्हणजे एका मतदाराला चार वेळा बटण दाबायचं. 'अ' जागेचं झालं, आता 'ब' कुठाय, असं शोधत माणूस पडद्यामागं रेंगाळतो आणि बाहेर रांग वाढते. म्हणून एका बूथवर माणसं कमी ठेवावी लागतात आणि बूथ वाढतात. बूथ वाढले की खोल्या लागतात. तळमजल्याच्या संपल्या की जिना चढायचा.

इमारतीबद्दलचे निकष विधानसभेच्या वेळी चांगले स्पष्ट आहेत. शक्यतो सरकारी इमारत किंवा शाळा, तळमजला, उताराची वाट, आत जायला आणि बाहेर पडायला वेगळी दारं. पोलीस ठाणं नको, दवाखाना नको, देऊळ-मशीद नको. २०० मीटरच्या आत कुठल्या पक्षाचं कार्यालय नको. मतदाराला शक्यतो दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये. २०२४च्या विधानसभेला तर मुंबई-पुण्याकडच्या मोठ्या गृहसंकुलांतच केंद्रं उघडली. लिफ्टनं खाली उतरा, मत द्या, वर जा. अक्कलकुवा तालुक्यात मणिबेलीला मात्र कर्मचारी यंत्रं घेऊन सरदार सरोवराच्या फुगवट्यातून बोटीनं जातात. मला यात मणिबेलीची बोट जास्त मोलाची वाटते, पण ते असो.

गावाकडं दुखणं वेगळं. तिथं बूथ बहुधा झेडपीच्या शाळेत, आणि शाळा गावठाणात. धनगरवाडा डोंगरावर, पाडा ओढ्यापलीकडं, शेतातल्या वस्त्या कुठंच्या कुठं. अंतराहून नाजूक गोष्ट आणखी आहे: बूथ कुणाच्या आळीत आहे. केंद्राच्या आयोगानं दलित आणि दुर्बल वस्त्यांसाठी, मतदार थोडे असले तरी, वेगळ्या केंद्राची सोय सांगितली आहे ती उगाच नाही. ग्रामपंचायतीत उमेदवार भावकीतला किंवा शेजारचा. कोण कुठल्या वाटेनं आला, कुणाच्या टेबलावरून चिठ्ठी घेतली, हे सगळ्या गावाला दिसतं. अशा वेळी रस्ता कुणाच्या दारावरून जातो याला वजन असतं. आणि हंगामात निवडणूक लागली तर मराठवाड्यातल्या कित्येक तांड्यांना बूथ दारात असून काय उपयोग? माणसं उसाच्या फडात असतात.

एका मतानं काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी मुंबईचा प्रभाग २२० आठवावा. २०१७च्या महापालिका निवडणुकीत तिथं दोन उमेदवारांची मतं सारखी झाली आणि चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरला. त्या दिवशी त्या प्रभागात जिना बघून परत गेलेला एक जरी मतदार असेल, तर निकाल त्याच्या गुडघ्यानं लावला म्हणायचा.

हे सगळं शेवटच्या रात्री ठरत नाही. प्रभागरचनेचा आराखडा निघतो, हरकती मागवतात. प्रारूप मतदारयादी लागते, पुन्हा हरकती. मग अंतिम यादी आणि केंद्रनिहाय यादी. त्या दिवसांत फलकापुढं बहुधा इच्छुक उमेदवार आणि त्यांची पोरं असतात, मतदार नसतोच. मीही नव्हतो. चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेली नावं हरकतीनंतर दुरुस्त होतात, पण हरकत कुणीतरी घ्यावी लागते. वरच्या मजल्यावरचा बूथ खाली आणायचा, तर ते मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाशी हुज्जत घालून जमत नाही; त्याच्या हातात खोली बदलणं नसतं. तेव्हा पुढच्या खेपेला प्रारूप यादी लागली की घरातल्या सगळ्यांची नावं एकाच प्रभागात आहेत का ते पाहा. केंद्रांची यादी निघाली की एकदा संध्याकाळी त्या शाळेपर्यंत फिरून या. आणि जिना दिसला, तर मुदत आहे तोवर निवडणूक अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.