सुहेलीच्या पिछाडीचा दोर

आमच्या काळेवाडीला लागून पवना नदी वाहते. समुद्र घाटाखाली, दूर. तरी वादळात बोट कशी सांभाळतात यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मन थेट एका मुंबईकर बोटीवर गेलं. तिचं नाव ‘सुहेली’.

ही बत्तीस फुटांची सागवानी बोट मुंबईच्या कारागिरांनी बहुतेक हातहत्यारांनी घडवली. १९६४मध्ये ती पाण्यात उतरली. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. १४ जून १९६८ला तो इंग्लंडमधल्या फाल्मथहून एकटा निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून तिथेच परतला. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते; ती पूर्ण करणारा हा एकटा.

हा इतिहास गाजलेला आहे. मला मात्र त्या बोटीच्या पिछाडीला बांधलेला दोर खिळवून ठेवतो. सप्टेंबर १९६८मध्ये दक्षिण महासागरातल्या एका लाटेनं सुहेलीला आडवं पाडलं आणि केबिनचे सांधे हलले. पुढच्या वादळांत नॉक्स-जॉन्स्टन जाड, लांब दोराची दोन्ही टोकं बोटीवर बांधून त्याचा मोठा फास मागे पाण्यात सोडू लागला. पुढे एक इवलंसं शीड ताणून ठेवलेलं. दोर पाण्यातून ओढला जाई, वेग उतरे आणि सुहेलीची दोन्हीकडून निमुळती पाठ लाटेला सामोरी राही.

वादळात बोटीचा घात वाऱ्यापेक्षा वेग करतो. लाटेच्या उतारावरून बोट सुसाट घसरते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, खालच्या पाण्यात रुतते, पिछाडी गरकन फिरते आणि बोट लाटेला आडवी येते. १९७९च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळानं पंधरा खलाशांचा बळी घेतला. त्यानंतरच्या प्रयोगांत दिसलं, की आडव्या बोटीच्या लांबीच्या ६० टक्के उंचीची फुटती लाट कुठल्याही बोटीला उलथवू शकते. सुहेलीच्या मापाला ही लाट जेमतेम वीस फुटांची. चाकणहून माल भरून बोरघाट उतरणारा ड्रायव्हर वेग आवरायला खालचा गिअर सोडत नाही. पिछाडीचा दोर बोटीसाठी तेच काम करतो.

याच्या उलट उपाय नाळेकडून. कापडी छत्रीसारखा सागरी नांगर पुढे पाण्यात सोडायचा. तो तळाला टेकत नाही, पाण्यालाच धरतो आणि बोटीचं तोंड वाऱ्याकडे ठेवतो. कोकणातले मच्छीमार वाहती जाळी लावतात तेव्हा त्यांची होडीही अशीच जाळ्याला धरून राहते.

पण एकट्या नांगराची खोड वाईट. लाटेच्या माथ्यावरचं पाणी पुढे जातं, खळग्यातलं मागे येतं. नांगर चुकीच्या जागी सापडला तर दोर ढिला पडतो आणि पुढच्याच क्षणी जबर हिसका बसतो. अमेरिकी अभियंता डोनाल्ड जॉर्डन यांनी यावर शोधलेली तोड मला फार आवडते: सुमारे शंभर मीटर दोरावर पाच-पाच इंचांचे शंभरेक कापडी शंकू ओवायचे आणि टोकाला साखळीचं वजन लावायचं. काही शंकू खळग्यात निकामी झाले तरी बाकीचे पाणी धरूनच असतात. अमेरिकी तटरक्षक दलाचा त्यावरचा अहवाल १९८७मध्ये आला.

आता अडचणी, आणि त्या थोड्या नाहीत. दोरावरचा भार बोटीच्या वजनाइतका होऊ शकतो. साधा खुंटा उपटून येतो. दोर घासतो तिथे तो काही तासांत तुटतो. नाळेला नांगर असताना बोट मागे ढकलली गेली तर सुकाणू मोडतं. वादळ शमल्यावर शंभर शंकू ओढून घेणं थकलेल्या एकट्या माणसाला जड जातं. शिवाय एकमत नाही: फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मोइतेसिए यांनी भर वादळात मागचे दोर कापून टाकले, कारण ओझ्यानं बोट लाटेपुढून निसटू शकत नव्हती. गोव्यात बांधलेली सुहेलीची प्रतिकृती ‘थुरिया’ सप्टेंबर २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरात उलथली. डोलकाठी मोडली, ती चालवणारे कमांडर अभिलाष टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना सोडवलं. त्या समुद्रात कसलीच हमी नसते.

माझी काळजी किनाऱ्याजवळची आहे. नोव्हेंबर २००९मध्ये फयान चक्रीवादळ कोकणावर आलं, तेव्हा कितीतरी होड्या समुद्रात होत्या. इंजिन बंद पडलं की होडी आपसूक आडवी होते, आणि आडवं होणं हाच धोका. मजबूत कापडाचा शंकू, लांब दोर आणि दोन भक्कम खुंटे, एवढं सामान प्रत्येक होडीत हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते शांत पाण्यात सोडून, ओढून, बांधून पाहिलेलं हवं. वादळात पहिल्यांदा उघडलेली गाठ उपयोगी पडत नाही.