लग्नाची सुपारी आणि इसार पावती



लागणीची नोंद द्यायला आपण गट कार्यालयात येता, तेव्हा गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, उसाची जात को 86032 की दुसरी, हे सगळे लिहून सही झाल्याशिवाय आम्ही आपणास सोडत नाही. काट्याची पावती हरवली तर आपण आम्हाला झोपू देत नाही. पण हाच सभासद मंडपवाल्याला, आचाऱ्याला, बँडवाल्याला हजारो रुपये सुपारी म्हणून देऊन येतो आणि विचारले तर म्हणतो, "साहेब, ओळखीचा माणूस हाय, कागद कशाला?"

कागद कशाला, ते आम्ही स्वतःच्या घरात शिकलो. 2021 च्या एप्रिलअखेरीस आमच्या पुतणीचे लग्न होते. थोरल्या भावाने उसाच्या हप्त्यातून काढून मंगल कार्यालयाला 40 हजार रुपये इसार दिला. आम्ही सोबत होतो. मालकाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली आमचे आडनाव लिहिले, तेवढीच काय ती नोंद. पुढे करोनामुळे 22 एप्रिलपासून राज्यात लग्नाला 25 माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली. लग्न घरापुढच्या अंगणात उरकले. इसार मागायला गेलो तर मालक म्हणाले, 25 हजारच दिले होते आणि तेही परत द्यायचे कुठे ठरले होते? आम्ही काय दाखवणार? कॅलेंडर रद्दीत गेले होते. शेवटी दहा हजार हाती आले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, साऱ्या तालुक्याच्या उसाच्या नोंदी लिहिता, घरची एक ओळ लिहवली नाही?" यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

1872 च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारसुद्धा करारच असतो. अडचण पुराव्याची आहे. इसार देताना चार माणसे हजर असतात, पण भांडणाच्या वेळी साक्षीला एकही येत नाही.

म्हणून एका कोऱ्या कागदावर एवढे तरी लिहून घ्या. तिथी आणि इंग्रजी तारीख, दोन्ही. रक्कम अक्षरी. आचाऱ्याच्या कागदात ताटे किती, वाढीव ताटाचा दर काय, किराणा कोणाचा. मंडपवाल्याच्या कागदात भांडी किती, जनरेटरचे डिझेल कोणाचे. आणि फुलंब्रीत मे महिन्यात लग्न असेल तर पाण्याचा टँकर कोणी आणायचा, हे आधी लिहा, बाकीचे नंतर! सुतक पडले, सरकारी बंदी आली किंवा तारीख पुढे गेली तर इसारातले किती परत, ही ओळ सर्वांत महत्त्वाची; तीच आमची राहिली. दोन प्रती करा, दोघांच्या सह्या घ्या. रक्कम पाच हजारांवर असेल तर पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावा. पैसे चेकने किंवा फोनवरून दिले तर आणखी चांगले. पावती जवळ असली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे फी नाही.

कागद मागितला की माणूस दुखावतो, असे कित्येकांना वाटते. पण आपल्या वाडवडिलांनी सोयरिकीतसुद्धा याद लिहिलीच की! कागदाला हळदकुंकू लावायचे, मानपान कोणी काय करायचे ते चारचौघांत वाचायचे, सह्या करायच्या. त्याने कोणी दुखावत नसे. मात्र त्या यादीत हुंडा लिहीत, ते वाईट होते. 1961 च्या कायद्याने हुंड्याचा करारच रद्द ठरतो, आणि देणारा-घेणारा दोघांनाही किमान पाच वर्षे कैद सांगितली आहे. न मागता, खुशीने दिलेल्या भेटवस्तूंची यादी मात्र 1985 च्या नियमांप्रमाणे लेखीच हवी: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, खाली वधूवरांच्या सह्या. मुलीला मिळालेल्या वस्तूंची यादी मुलीनेच जवळ ठेवावी.

इसार पावतीचा एक नमुना आम्ही तयार करून गट कार्यालयात ठेवला आहे. नोंदीला याल तेव्हा मागून घ्यावा.