पाण्याचा जिना : इंग्लंडमधले कालवे उन्हाळ्यात का बंद होतात?

आपल्याकडे ‘कालवा’ म्हटले की धरण आठवते, धरणातून सुटणारे आवर्तन आठवते आणि आपल्या वावरापर्यंत पाणी कधी पोहोचेल याची वाट पाहणारा शेतकरी आठवतो. खडकवासल्याचा मुठा कालवा घ्या किंवा नीरेचा डावा कालवा घ्या, त्यातले पाणी पुढे जाण्यासाठीच सोडलेले असते. आवर्तन संपले की कालवा कोरडा पडतो आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही.

इंग्लंडमधला कालवा या नात्याने आपल्याला परका आहे. तो सिंचनासाठी खोदलेला नाही, बोटींसाठी खोदलेला आहे. त्यातले पाणी कुठे पोहोचवायचे नसते, त्यावरून माल आणि माणसे पोहोचवायची असतात. त्यामुळे ते पाणी होता होईल तो जागच्या जागी उभे राहावे, अशीच त्याची सारी रचना असते. असा कालवा आटला तर बोट अडते. आणि ज्यांचे घरच बोटीवर आहे, त्यांचे घर अडते.

मे २०२५ मध्ये लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा विगनपासून गारग्रेव्हपर्यंतचा भाग बोटींच्या वाहतुकीसाठी बंद करण्यात आला. इंग्लंडने त्या वर्षी शंभरहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा वसंत ऋतू पाहिला होता. पुढचा उन्हाळाही ब्रिटनमधला नोंदीतला सर्वांत उष्ण ठरला. मॅकल्सफील्ड, पीक फॉरेस्ट आणि इतर अनेक कालव्यांवरही मग एकामागून एक बंदी आली. पाऊस नाही म्हणून कालवा बंद, इतके हे सोपे वाटते. पण ते तितके सोपे नाही. कालव्यात पाणी डोळ्यांना दिसत असतानाच त्याच्या दरवाजांना कुलपे का लागतात, हे समजून घ्यायचे तर आधी कालव्याचा जमाखर्च समजून घ्यावा लागतो.

डोंगर चढणारे पाणी

लीड्स-लिव्हरपूल हा इंग्लंडमधला मोठा कालवा. लांबी १२७ मैल, म्हणजे सुमारे २०४ किलोमीटर. त्याला १७७० मध्ये पार्लमेंटची मंजुरी मिळाली आणि संपूर्ण मार्ग १८१६ मध्ये पुरा झाला. यॉर्कशरच्या लोकर-कापडाच्या गिरण्या आणि लिव्हरपूलचे बंदर जोडायचे, तर मध्ये पेनाइन डोंगररांग आडवी येते. नदी डोंगर चढत नाही. कालव्याला तो चढावा लागतो.

यासाठी जी युक्ती वापरतात तिचे नाव लॉक, मराठीत जलपाश. दोन्ही टोकांना भक्कम दरवाजे असलेले हे दगडी हौदच. बोट खालून हौदात शिरते, मागचा दरवाजा लावतात, वरच्या बाजूच्या झडपा उघडून वरचे पाणी आत घेतात. हौद भरतो तशी बोट उचलली जाते आणि वरच्या पातळीला आली की पुढचा दरवाजा उघडतो. उतरताना याच्या उलट. यात पंप नाही, इंजिन नाही. काम करते ते गुरुत्वाकर्षण. विगनजवळ असे २१ जलपाश ओळीने आहेत आणि ते बोटीला सुमारे ६५ मीटर उंच चढवतात. सबंध कालव्यावर त्यांची संख्या ९० च्या वर जाते. कालवा म्हणजे पाण्याने भरलेला जिना आहे, असे म्हटले तर ते अगदी शब्दशः खरे आहे.

या जिन्याचा माथा फोलरिज या गावाजवळ, समुद्रसपाटीपासून १४८ मीटरवर आहे. बॅरोफर्ड ते ग्रीनबरफील्ड हा सुमारे सहा मैलांचा सपाट तुकडा म्हणजे माथ्याचा टप्पा. या टप्प्यापेक्षा उंचावर कालव्याचा दुसरा भाग नाही. म्हणून दोन्ही बाजूंना उतरणारे पाणी इथूनच जाते, आणि इथे मात्र ते कुठून तरी आणून घालावे लागते.

एका बोटीचे पाणी

आता थोडे गणित करू. या कालव्यावरचा जलपाश साधारण १४ फूट रुंद आणि ६२ फूट लांब. चढ सुमारे नऊ फुटांचा धरला, तर एकदा हौद भरायला जवळजवळ सव्वादोन लाख लिटर पाणी लागते. बोट लहान असो की मोठी, त्याने या आकड्यात फरक पडत नाही; हौद भरावाच लागतो.

माथा ओलांडणारी बोट चढताना माथ्यावरचे एक हौदभर पाणी घेते आणि पलीकडे उतरताना दुसरे. म्हणजे एका बोटीमागे सुमारे साडेचार लाख लिटर. सहा मैलांच्या टप्प्याची रुंदी सरासरी दहा मीटर धरली, तर एका बोटीने माथ्याची पातळी साडेचार मिलिमीटरच्या आसपास खाली जाते. हे काहीच नाही, असे वाटेल. पण दिवसाला वीस बोटी गेल्या आणि वरून थेंबही आला नाही, तर पातळी एका दिवसात नऊ सेंटिमीटर उतरते. कालव्याची खोली जेमतेम एक ते सव्वा मीटर आणि बोटीचा तळ पाण्यात साठ-सत्तर सेंटिमीटर बुडालेला. पाच-सहा दिवसांत बोटी चिखलात रुतू लागतील. उन्हाने उडणारे आणि काठातून झिरपणारे पाणी यात धरलेलेच नाही.

म्हणूनच कालवा बांधणाऱ्यांना पहिल्यापासून साठवण तलावांची गरज पडली. फोलरिजचे तलाव, व्हाइटमूर, बॅरोफर्ड, रिशटन अशी ती मालिका आहे. एवढ्यावरही भागेना, तेव्हा १८९३ मध्ये विंटरबर्नचा तलाव बांधून तिथून मैलोगणती लांब नळाने पाणी माथ्यावर आणण्यात आले. कालवा पुरा झाल्यानंतर पाऊणशे वर्षांनी हे करावे लागले. टंचाई ही या कालव्याची आजची अडचण नाही. ती त्याच्या उंचीबरोबर जन्माला आली आहे. २०१० च्या ऑगस्टमध्येही याच कारणासाठी याच विगन-गारग्रेव्ह मार्गाला टाळे लागले होते.

पाणी दिसत असताना बंदी कशाला?

बंदीची सूचना लागते तेव्हा बोटवाल्यांची पहिली तक्रार हीच असते: कालव्यात तर पाणी आहे, मग बंद कशाला? तक्रार चुकीची नाही, पण तिचे उत्तर कालव्याच्या तळाशी आहे.

अठराव्या शतकातल्या या कालव्यांना सिमेंटचे अस्तर नाही. चिकणमाती पाण्यात मळून, तुडवून तिचा जाड थर तळाला आणि काठांना दिलेला असतो. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ही पद्धत इंग्लंडच्या कालव्यांवर रूढ केली. ही माती ओली आहे तोवर पाणी धरून ठेवते. वाळली की आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखी तिला भेगा पडतात, आणि पुढे पाऊस आला तरी पाणी त्या भेगांतून निघून जाते. शिवाय दोन्ही काठांच्या जुन्या भिंतींना आतल्या पाण्याचा टेकू असतो. तो गेला की भिंती आत कलण्याची भीती. मासे मरतात ते वेगळेच. म्हणजे कालवा पूर्ण आटू देणे हे काही महिने बंद ठेवण्यापेक्षा फार महागात पडते.

म्हणून बंदी पाणी संपल्यावर घालत नाहीत, संपू नये म्हणून घालतात. प्रथम बोटवाल्यांना विनंती होते: दोन अरुंद बोटी एकाच हौदात शेजारी-शेजारी घ्या, समोरून बोट येत असेल तर थांबा म्हणजे तिने रिकामा केलेला हौद तुम्हाला मिळेल, झडपा नीट बंद करा. मग जलपाश ठरावीक तासांतच उघडतात आणि रात्री कुलूप लागते. एवढ्यानेही तलावांची पातळी सावरली नाही, की शेवटी पूर्ण बंदी. तलावांत उरलेले पाणी मग बोटी चढवण्याऐवजी कालवा ओला ठेवण्यासाठी थोडेथोडे सोडले जाते.

तलाव असून पाणी नाही

जमेच्या बाजूला पाऊस हे एकच खाते नाही. कालव्यांचे तलाव दीडशे-दोनशे वर्षांचे आहेत आणि त्यांच्या बांधांखाली आज गावे वसली आहेत. १ ऑगस्ट २०१९ रोजी डर्बीशरमधल्या व्हेली ब्रिज गावाच्या वर असलेल्या टॉडब्रुक तलावाचा सांडवा मुसळधार पावसात खचला. सुमारे दीड हजार माणसांना घरे सोडावी लागली आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून खडीच्या गोणी टाकून बांध सावरला गेला. गाव वाचले. पण तलाव रिकामा करावा लागला आणि त्याच्या दुरुस्तीचे काम २०२५ मध्येही चालूच होते. हाच तलाव पीक फॉरेस्ट आणि मॅकल्सफील्ड या कालव्यांना पाणी पुरवणारा. अतिवृष्टीने मोडलेला तलाव सहा वर्षांनंतर अवर्षणात उपयोगी पडला नाही, असा हा उलटा हिशेब आहे.

इंग्लंड व वेल्समधल्या सुमारे दोन हजार मैलांच्या जलमार्गांची जबाबदारी २०१२ पासून ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहे. त्याआधी ती ‘ब्रिटिश वॉटरवेज’ या सरकारी मंडळाकडे होती. ट्रस्टला मिळणारे सरकारी अनुदान २०२७ पासून दरवर्षी पाच टक्क्यांनी कमी होत जाणार, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. गळती बुजवणे, खालचे पाणी पंपाने पुन्हा वर नेणे, तलावांचे बांध सुरक्षित करणे हे टंचाईवरचे उपाय सर्वांना माहीत आहेत, आणि ते सगळे खर्चाचे आहेत. नदी-ओढ्यांतून वाटेल तितके पाणी कालव्यात वळवण्याची मुभाही आता राहिलेली नाही. त्यासाठी परवाना लागतो, आणि नदी आटलेली असताना तिच्यातले मासे व नळयोजना यांचा विचार आधी होतो.

चौदा दिवसांचा नियम

या कालव्यांवरून आज कोळसा जात नाही. रेल्वे आणि ट्रक यांनी तो धंदा केव्हाच नेला. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, तेव्हा उरलेल्या मालवाहतुकीचाही कणा मोडला. १९४६ पासून हौशी मंडळींनी चळवळ करून अनेक कालवे बुजण्यापासून वाचवले. आज तिथे परवानाधारक बोटींची संख्या ३० हजारांच्या वर आहे. काहींची बोट सुट्टीपुरती असते, काहींचा ती भाड्याने देण्याचा व्यवसाय असतो, आणि कित्येक हजार माणसे बारा महिने बोटीवरच राहतात. घरांच्या किमती परवडत नाहीत म्हणून बोटीवर आलेली माणसेही त्यांत आहेत.

या रहिवाशांपैकी पुष्कळांना ठरलेला धक्का नाही. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार अशा बोटीने एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचे नाही. सतत पुढे सरकत राहायचे. कालवा बंद झाला की या माणसांची विचित्र कोंडी होते. पुढे जाणे कायद्याने आवश्यक आणि कुलपामुळे अशक्य. अशा वेळी ट्रस्टकडून सवलत मिळते. पण कायद्यातून सुटका झाली म्हणून रोजच्या गरजा सुटत नाहीत. पिण्याचे पाणी भरण्याचा नळ आणि संडासाची टाकी रिकामी करण्याची जागा कालव्यावर ठरावीक अंतरावरच असते. ती दोन जलपाशांपलीकडे राहिली, तर पाण्याचे कॅन आणि ती टाकी हातगाडीवरून न्यावी लागते. डिझेल, गॅस आणि कोळसा घेऊन फिरणारी पुरवठ्याची बोटही तिथवर येऊ शकत नाही. मुलांची शाळा, नोकरी, दवाखाना यांच्या जवळ राहता येईल असा बेत करून निघालेला माणूस भलत्याच ठिकाणी अडकतो.

पातळी उतरू लागली की बोटीवर रात्री उठून दोर सैल करावे लागतात. काठाला घट्ट बांधलेल्या बोटीची एक बाजू उथळ कडेवर टेकते आणि दुसरी बाजू पाण्याबरोबर खाली जाते; बोट कलते, आणि फार कलली तर सांडपाण्याच्या भोकांतून पाणी आत शिरते. परवान्याचे पैसे मात्र वर्षाचे भरलेले असतात, आणि भाड्याच्या बोटी चालवणाऱ्याचा हंगाम याच महिन्यांत असतो.

पुन्हा वाहणारे पाणी

यातून पुढे काय होईल, याची एक दिशा दिसते आहे. ग्लॉस्टर-शार्पनेस कालव्यातून ब्रिस्टल शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा आजही उचलला जातो. मिडलंड्स भागातले शुद्ध केलेले पाणी ग्रँड युनियन कालव्यातून दक्षिणेकडच्या तहानलेल्या भागात नेण्याची योजनाही पुढे आली आहे. असे झाले तर त्या कालव्याला बारमाही पाणी मिळेल आणि देखभालीला पैसाही मिळेल. उभे राहण्यासाठी बांधलेला कालवा मग आपल्या कालव्यासारखा वाहू लागेल.

पण पाणी शहराच्या नळासाठी वाहू लागले, की त्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्नही त्याच्याबरोबर वाहत येतो. खडकवासल्याच्या पाण्यावरून पुणे शहर आणि खालचा शेतकरी यांच्यात दर उन्हाळ्यात होणारी ओढाताण आपण पाहतोच. इंग्लंडच्या कालव्यावर या रांगेत बोटीवर राहणारा माणूस सर्वांत शेवटी उभा आहे. पिण्याच्या पाण्याचा, नदीचा आणि कालव्याच्या तळाच्या मातीचाही नंबर त्याच्या आधी लागतो, आणि या तिन्हींमागची कारणे खरी आहेत. फक्त टंचाईची किंमत कोण मोजतो, हे ठरवताना त्याला कुणी विचारलेले नसते. अनुदान कमी होत जाईल आणि उन्हाळे लांबत जातील, तसा हा प्रश्न विगनच्या कुलपांपुरता राहणार नाही.