मोळीचा धंदा : थोडक्यात

मोळी : डोक्यावर वाहता येईल एवढा, वेलाने, सुंभाने किंवा तारेने आवळलेला लाकडांचा भारा. बाजारात नगावर विक्री, वखारीत तोलून.

ओलं-सुकं : ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं. जाळायला हे प्रमाण 20 टक्क्यांखाली हवं. लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, हवा खेळेल असं रचलं की लवकर वाळतं. सुक्याची ओळख : टोकांना चिरा, सुटलेली साल, दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज. ओलं लाकूड तोलून घेणारं गिऱ्हाईक पाण्याचेही पैसे मोजतं.

जात : बाभळीचा निखारा टिकतो. पांगारा, शेवगा मऊ. भुर्रकन जळून जातात.

आकार : पाणी तापवायच्या बंबासाठी आखूड ढलप्या लागतात.

उष्णता (किलोमागे) : सुकं लाकूड सुमारे 3500 ते 4000 किलोकॅलरी; स्वयंपाकाचा गॅस सुमारे 11000.

कायदा : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार साग, आंबा, चिंच, फणस, मोह, खैर ही अनुसूचित झाडं. स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. वनोपजाच्या वाहतुकीचे नियम राज्य सरकार करतं. आधार भारतीय वन अधिनियम, 1927, कलम 41.