माळढोकाचे यजमान

सोलापूर जिल्ह्यातील नान्नज आज द्राक्षबागांसाठी ओळखले जात असले, तरी अर्ध्या शतकापूर्वी त्या गावाचे नाव पक्षिशास्त्रज्ञांच्या तोंडी झाले ते माळढोकामुळे. आणि हा उंच मानेचा, मंदगती, भारदस्त पक्षी तेथे टिकून राहिला होता तो कोणत्याही सरकारी हुकमाने नव्हे, तर कोरडवाहू शेतीच्या पिढीजात वहिवाटीने. पावसाळ्यात जमीन मोकळी ठेवून मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरावी, हलक्या जमिनीचा माळ गुरांसाठी राखावा, ही तेथील रीत. त्या माळावर टोळ, भुंगेरे, सरडे विपुल असत, आणि उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या मादीला दूरवरचा शत्रू दिसेल असा मोकळा प्रदेश मिळे. शेतकऱ्याने याला कधी संरक्षण म्हटले नाही. माझ्या मते मात्र खरे संरक्षण ते हेच होते.

बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या पक्षिनिरीक्षकांनी सत्तरीच्या दशकात या पक्ष्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरांच्या त्या विस्तीर्ण हद्दीत गावेच्या गावे आणि खाजगी मालकीची शिवारे अंतर्भूत झाली, व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये, वारसाहक्क सोडल्यास, जमिनीवर नवा हक्क निर्माण होण्यास प्रतिबंध आला. मुलीच्या लग्नासाठी किंवा कर्जफेडीसाठी एकरभर जमीन विकू पाहणाऱ्याला खरेदीखताच्या वाटेत पक्षी आडवा आलेला दिसू लागला, आणि कालपर्यंतचा यजमान संशयित ठरला. कर्नाटकातील कोक्करेबेल्लूर येथे चिंचेच्या झाडांवर बगळे-करकोचे व झोळीवाले पक्षी घरटी करतात, म्हणून झाडमालकांना वनखात्याकडून मोबदला देण्याची प्रथा पडली. आपल्याकडे इतका साधा विचार वेळेवर व्हावयास हवा होता.

दरम्यान १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, विहिरी व विंधनविहिरी वाढल्या, आणि ज्वारीच्या जागी ऊस व द्राक्षे आली. त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण अवर्षणाच्या मुलखात पाणी लाभल्यावर कोणता गृहस्थ ते नाकारील? संरक्षित कुरणांत काळविटांचे कळप वाढून उभ्या पिकांत शिरू लागले, त्याचा भारही त्याच्यावरच पडला. पुढे अभयारण्याचे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांपर्यंत कमी करण्यात आले. पण तोवर माळढोक बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते.

जो माळ अद्याप नांगराखाली गेलेला नाही, तो राखणाऱ्या आणि त्याच्या कडेला ज्वारी पेरणाऱ्या शेतकऱ्याला, उसाच्या तुलनेत बुडणाऱ्या उत्पन्नाचा मोबदला सरकारने त्याच हंगामात रोख द्यावा, आणि यापुढे हद्दीची एकही रेषा त्याला विचारल्यावाचून आखू नये.